मातीत स्फुरद आहे, पण पिकाला मिळते का?
रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांची जीवनकथा आणि आपली माती परीक्षण पत्रिका

रोहिणी संपत आल्या, मृगाची चाहूल लागली की कृषी केंद्रांपुढे गर्दी सुरू होते. कुणी डीएपीची थैली मागतो, कुणी सुपर फॉस्फेट. मागच्या साली एकरी एक थैली टाकली होती, यंदाही एकच, असा हिशेब असतो. हा हिशेब शेजाऱ्याला विचारून झालेला असतो, दुकानदाराला विचारून झालेला असतो. वावराला मात्र कोणी विचारलेले नसते.

वावराला विचारायची रीत म्हणजे माती परीक्षण. परीक्षणाची पत्रिका हाती आली की तिच्यात उपलब्ध स्फुरद असा एक रकाना दिसतो. आपण त्यातला आकडा पाहतो आणि पुढे जातो. पण शेतकरी बंधूंनो, त्या रकान्यातला उपलब्ध हा शब्द फार मोलाचा आहे. या एका शब्दाचा अर्थ वेळीच न कळल्यामुळे दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी युरोपातला सर्वांत नावाजलेला रसायनशास्त्रज्ञ शेतकऱ्यांपुढे तोंडघशी पडला होता. विशेष म्हणजे ती चूक त्याने पुढे स्वतः कबूल केली. त्याचे नाव युस्टुस फॉन लीबिग. पिकाला जमिनीतून क्षारद्रव्ये लागतात ही गोष्ट जगाला पटवून देणारा हाच तो माणूस. त्याची ही कथा खताच्या हंगामाआधी वाचून ठेवण्यासारखी आहे.

रंगवाल्याचा मुलगा

लीबिगचा जन्म १२ मे १८०३ रोजी जर्मनीतील डार्मश्टाट या गावी झाला. वडिलांचा रंग, रोगण आणि औषधी द्रव्ये तयार करून विकण्याचा धंदा होता. घरात लेकरांची संख्या मोठी. दुकानामागच्या खोलीत वडील काहीबाही उकळत, मिसळत असत आणि पोरगा तेथेच रमे. शाळेत मात्र त्याचे मन लागत नसे. पाठांतरात तो कच्चा होता. मोठेपणी रसायनशास्त्रज्ञ होणार, असे त्याने सांगितले तेव्हा गुरुजींसह सगळा वर्ग हसला, अशी आठवण त्याने पुढे लिहून ठेवली आहे. त्या काळी रसायनशास्त्रावर पोट भरता येते हेच लोकांना ठाऊक नव्हते.

जत्रेत एक फिरता विक्रेता टिकल्यांसारखे फुटणारे फटाके करून विकत असे. त्याची कृती पोराने नुसती पाहून शिकून घेतली. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला एका औषधविक्याकडे उमेदवारीला ठेवले. तेथे माळ्यावर त्याचे हे फटाक्यांचे प्रयोग चालत. एके दिवशी स्फोट झाला, छपराचा भाग उडाला आणि पोरगा घरी परत आला, अशी गोष्ट सांगतात.

त्याच्या लहानपणी आणखी एक गोष्ट घडली. १८१५ साली इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला. त्याची धूळ आभाळात पसरली आणि पुढच्या साली, १८१६ मध्ये, युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. सतत पाऊस आणि गारठा. उभे पीक वावरातच सडले. धान्य महागले, गोरगरीब उपाशी पडले. लीबिग तेव्हा तेरा वर्षांचा होता. ज्याने दुष्काळ डोळ्यांनी पाहिला त्याला शेतीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना हे चांगले माहीत आहे.

एकविसाव्या वर्षी प्राध्यापक

बॉन आणि एर्लांगेन येथे त्याचे शिक्षण झाले. पण तेथे रसायनशास्त्र म्हणजे नुसती व्याख्याने, हाताने काही करायला मिळत नसे. मग त्याच्या राज्याच्या राजाने त्याला शिष्यवृत्ती दिली आणि १८२२ साली तो पॅरिसला गेला. पॅरिस हे तेव्हा विज्ञानाचे माहेरघर. तेथे त्याचे काम अलेक्झांडर फॉन हंबोल्ट या थोर संशोधकाच्या नजरेत भरले. हंबोल्टच्या शब्दामुळे गे-ल्युसॅक या नामवंत शास्त्रज्ञाने त्याला आपल्या खाजगी प्रयोगशाळेत घेतले. द्रव्य अचूक कसे मोजायचे हे लीबिग तेथे शिकला.

१८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, गीसेन या लहानशा गावच्या विद्यापीठात त्याची प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली. प्रयोगशाळेला जागा मिळाली ती सैनिकांनी सोडून दिलेल्या बराकीतली. तेथे त्याने एक नवा पायंडा पाडला. विद्यार्थ्यांनी नुसते ऐकायचे नाही, स्वतःच्या हाताने पृथक्करण करायचे. १८३१ साली त्याने काचेच्या पाच फुग्यांचे एक छोटे उपकरण केले. त्यामुळे सेंद्रिय पदार्थात कार्बन किती, हे कोणाही मेहनती विद्यार्थ्याला मोजता येऊ लागले. आधी जे काम मोजके उस्ताद करीत, ते साध्या विद्यार्थ्याच्या आवाक्यात आले. इंग्लंड-अमेरिकेतून पोरे त्या आडगावी शिकायला येऊ लागली. आज आपल्या माती परीक्षण प्रयोगशाळेत एका मापाने, एका कृतीने रोज कितीतरी नमुने तपासले जातात, त्या शिस्तीची मुळे अशा प्रयोगशाळांत आहेत.

सर्वांत बुटका धुरा

१८४० साली लीबिगने शेतीच्या रसायनशास्त्रावर पुस्तक लिहिले आणि खळबळ उडाली. तोवर विद्वानांत असा समज होता की झाड जमिनीतला कुजका काळा भाग, म्हणजे ह्युमस, खाऊन वाढते. लीबिगने सांगितले की झाडाचा कार्बन हवेतून येतो. जमिनीतून येतात ती क्षारद्रव्ये. स्फुरद, पालाश, चुना, मॅग्नेशियम वगैरे. धानाची तणीस जाळली तर जी राख मागे उरते, ती जमिनीतून आलेली. दरवर्षी पीक काढून नेले आणि ही द्रव्ये परत दिली नाहीत, तर जमीन एक दिवस रिकामी होणार.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती उणिवेच्या नियमाची. हा नियम कार्ल श्प्रेंगेल या दुसऱ्या जर्मन शास्त्रज्ञाने त्याच्याआधी मांडला होता. पण लीबिगच्या लेखणीने तो जगभर गेला. आपल्या भाषेत सांगायचे तर असे पाहा. बांधीत पाणी किती उंच राहील? धुरा तीन बाजूंनी कमरेइतका बांधला आणि एका ठिकाणी वीतभर राहिला, तर पाणी वीतभरच राहणार. बाकीच्या धुऱ्यावर माती कितीही चढवा, उपयोग नाही. पिकाचे तसेच आहे. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर उतारा ठरतो. स्फुरद कमी असताना युरियावर युरिया टाकला, तर धान हिरवेगार दिसेल, पण मुळे आणि फुटवे मार खातील.

तिसरी गोष्ट हाडांची. हाडांत स्फुरद भरपूर, म्हणून शेतकरी हाडांचा चुरा टाकत. पण तो सावकाश लागू होई. हाडे गंधकाच्या तेजाबात विरघळवली तर स्फुरद पिकाला लवकर मिळेल, असे लीबिगने १८४० सालीच सुचवले. इंग्लंडमधील जॉन लॉज या जमीनदाराने अशा खताचा हक्क १८४२ साली नोंदवला आणि सुपर फॉस्फेटचा कारखाना काढला. आज आपण एकेरी सुपर फॉस्फेट म्हणून जी थैली आणतो, तिचे मूळ येथे आहे.

खत होते, पीक नव्हते

आता येते ती चुकीची गोष्ट. १८४५ साली लीबिगने स्वतःचे खत बाजारात आणले. इंग्लंडमधील एका कारखानदाराने ते तयार केले. कोणत्या पिकाच्या राखेत कोणते द्रव्य किती, हे पाहून त्याप्रमाणे ते बनवलेले होते. नाव मोठे होते. शेतकऱ्यांनी विश्वासाने घेतले.

पण लीबिगच्या मनात एक भीती होती. विरघळणारी द्रव्ये टाकली तर पावसाच्या पाण्यासोबत ती खाली झिरपून जातील, असे त्याला वाटे. त्यामुळे त्याने आपले खत मुद्दाम भट्टीत वितळवून असे घट्ट केले, की ते पाण्यात सहज विरघळणार नाही. तेजाब वापरून स्फुरद मोकळे करा असे पाच वर्षांपूर्वी सांगणारा हा माणूस, स्वतःचे खत करताना उलट दिशेने गेला.

परिणाम काय झाला? खत वावरात पडून राहिले. पीक होते तसेच राहिले. त्या खताचे पृथक्करण केले असते तर स्फुरद होते, पालाश होते, सगळे कागदाबरहुकूम होते. पण मुळांना ते मिळत नव्हते. शेतकऱ्यांचे पैसे गेले. ज्यांना पुस्तकी विद्वानांची चीड होती ते हसले. धंदा बुडाला.

लीबिग स्वस्थ बसला नाही. गीसेनजवळ त्याने वरकस, रेताड जमिनीचा एक तुकडा घेतला आणि स्वतः प्रयोग करू लागला. जमीन हळूहळू सुधारली, पण इतक्या सावकाश की कोणत्याही शेतकऱ्याला तेवढी वाट पाहणे परवडले नसते. चुकले कोठे, हे त्याला अजून कळत नव्हते.

मातीची मूठ

उत्तर इंग्लंडमधून आले. यॉर्कशायरचा जमीनदार थॉम्पसन आणि रसायनशास्त्रज्ञ थॉमस वे यांनी १८५० च्या सुमारास साधेच प्रयोग केले. नळीत माती भरली आणि वरून खताचे पाणी ओतले. खाली जे पाणी आले त्यात अमोनिया, पालाश फारसे उरले नव्हते. मातीने ते धरून ठेवले होते. म्हणजे माती ही नुसती चाळणी नाही. तिला मूठ आहे. आलेले अन्न ती पकडून ठेवते आणि मुळांना थोडे थोडे देते.

स्फुरदाच्या बाबतीत तर ही मूठ फारच घट्ट. लीबिग ज्या झिरपण्याला भीत होता, ते स्फुरदाचे सहसा होतच नाही. त्याचे दुखणे उलटे आहे. माती स्फुरद इतके घट्ट धरते की पिकालाही ते सोडवून घेता येत नाही.

आपले पुस्तक नव्याने लिहिताना, १८६२ साली, लीबिगने ही चूक जगापुढे मान्य केली. निर्मात्याने मातीत जी सोय करून ठेवली होती ती मला दिसली नाही, आणि जे बिघडलेलेच नव्हते ते दुरुस्त करायला मी निघालो, असा त्याच्या कबुलीचा आशय आहे. एवढ्या मोठ्या माणसाने शेतकऱ्यांसमोर असे सांगणे ही लहान गोष्ट नव्हे.

अर्थात तो सगळ्या बाबतीत असा नमला नाही. नत्राचा प्रश्न त्याने वर्षानुवर्षे ताणला. पिकाला हवेतून आणि पावसातून पुरेसा अमोनिया मिळतो, असे तो म्हणे. लॉज आणि त्याचा सहकारी गिल्बर्ट यांनी रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून गव्हावर प्रयोग मांडले आणि नत्र घातल्याशिवाय गव्हाचा उतारा वाढत नाही हे दाखवून दिले. गंमत म्हणजे हा गिल्बर्ट लीबिगच्याच हाताखाली शिकलेला. गुरु-शिष्याचा वाद कागदोपत्री खूप रंगला आणि वावराने निकाल शिष्याच्या बाजूने दिला. रॉथॅमस्टेडचा तो गव्हाचा प्रयोग आजही चालू आहे.

शेवटची वर्षे

१८४५ साली त्याला सरदारकी मिळाली. १८५२ साली तो म्युनिकला गेला. तेथे मांसाचा अर्क, लहान मुलांचा आहार, चांदीचा मुलामा दिलेले आरसे अशा कितीतरी गोष्टींत त्याने लक्ष घातले. पण शेती त्याच्या मनातून गेली नाही. शहरे खेड्यांतून धान्य ओढून नेतात, त्यासोबत जमिनीचा कसही नेतात आणि तो नदी-समुद्रात सोडून देतात, हे त्याचे मोठे दुःख होते. त्याला तो जमिनीची लूट म्हणे. इंग्लंड तर युरोपातल्या रणांगणावरची हाडेसुद्धा खतासाठी उकरून नेते, असा त्याचा आरोप होता. १८ एप्रिल १८७३ रोजी म्युनिक येथे त्याचे निधन झाले.

त्यानंतर सोळा वर्षांनी, १८८९ च्या अखेरीस, जॉन ऑगस्टस व्होल्कर हा रसायनशास्त्रज्ञ इंग्लंडहून सरकारच्या बोलावण्यावरून भारतात आला. जर्मनीतून इंग्लंडात स्थायिक झालेल्या एका कृषी रसायनशास्त्रज्ञाचा हा मुलगा. वर्षभर देश फिरून त्याने १८९३ साली अहवाल दिला. येथील शेतकरी अडाणी आहे हा साहेबांचा समज त्याने खोडून काढला. पण सरपण मिळत नाही म्हणून शेण चुलीत जाते आणि हाडे परदेशी जातात, याकडेही त्याने बोट दाखवले. गावोगाव सरपण-चाऱ्याची राखीव राने करा, असे त्याने सुचवले. वनजिल्ह्यातल्या आपल्या लोकांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. शेण चुलीत गेले की वावरातले स्फुरदही राखेबरोबर उकिरड्यावर जाते. १८९२ साली लेदर हे भारत सरकारचे पहिले कृषी रसायनशास्त्रज्ञ झाले. १८९८ साली त्यांनी भारतातील जमिनींचे चार मोठे गट सांगितले. गाळाची, काळी, तांबडी आणि जांभ्याची. यातल्या काळ्या आणि तांबड्या जमिनी आपल्या दोन जिल्ह्यांत शेजारी शेजारी नांदतात.

उपलब्ध म्हणजे किती?

लीबिगच्या चुकीतून एक प्रश्न उरला होता. मातीत एकूण स्फुरद किती, हे कडक तेजाबाने सगळी माती विरघळवून मोजता येते. पण पिकाला मिळेल असे किती, हे कसे मोजायचे? मूळ काही कडक तेजाब ओतत नाही.

इंग्लंडमधील बर्नार्ड डायर याने १८९४ साली मुळांच्या रसाचा आंबटपणा पाहिला आणि त्याच्या जवळपास जाणारे लिंबाम्लाचे एक टक्क्याचे द्रावण वापरले. त्यात जेवढे स्फुरद सुटेल ते पिकाचे, असे त्याने धरले. कल्पना चांगली होती, पण चुनखडीच्या जमिनीत ती फसे. चुनाच ते आम्ल खाऊन टाकी.

१९४५ साली अमेरिकेत ब्रे आणि कुर्ट्झ यांनी आम्लधर्मी जमिनीसाठी सौम्य तेजाब आणि फ्लोराइडचे द्रावण काढले. अशा जमिनीत स्फुरदाला मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम धरून बसतात. फ्लोराइड ॲल्युमिनियमला अडकवते आणि स्फुरद मोकळे होते.

१९५४ साली स्टर्लिंग ओल्सन आणि सहकाऱ्यांनी चुनखडीच्या जमिनीसाठी खाण्याच्या सोड्याचे द्रावण वापरले. त्याचा सामू ८.५ ठेवायचा, त्यात माती घालून अर्धा तास हलवायची. सोडा चुन्याला गुंतवून ठेवतो आणि चुन्याने धरलेले स्फुरद पाण्यात येते. मग ते गाळून त्यात मॉलिब्डेट घालतात. निळा रंग चढतो. रंग जितका गडद, तितके स्फुरद जास्त. आपल्या प्रयोगशाळेत ही ओल्सन पद्धत सर्रास वापरली जाते.

आता आपल्या जमिनीकडे पाहू. वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या पट्ट्यात काळी, चुनखडीयुक्त जमीन. तेथे चुना स्फुरद धरतो. तेथे ओल्सन पद्धत योग्य. पूर्वेला नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यात धानाची हलकी, पिवळसर-तांबडी जमीन, कोठे कोठे आम्लधर्मी. तेथे लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरद धरतात. सामू सहा-साडेसहाच्या खाली असेल तर ब्रे पद्धत अधिक जुळते. म्हणून पत्रिकेवर आधी सामू पाहा आणि स्फुरद कोणत्या पद्धतीने काढले ते विचारा. दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत.

धानाची आणखी एक गंमत आहे. बांधीत पाणी साचले की मातीतली हवा संपते, लोहाची पकड ढिली होते आणि अडकलेले स्फुरद थोडे मोकळे होते. म्हणून चाचणीत स्फुरद कमी दाखवले तरी धान कधी कधी निभावून नेते. पण धान निघाले, बांधी सुकली की लोह ते पुन्हा पकडते. मागून पेरलेल्या हरभरा, जवस, लाखोळीला मग स्फुरदाची ओढ बसते. रब्बीच्या पिकाचा विचार वेगळा करायला हवा तो यासाठी.

पत्रिका वाचताना

हेक्टरभर जमिनीच्या वरच्या थरात एकूण स्फुरद बहुधा काहीशे ते हजारभर किलो असते. उपलब्ध स्फुरद मात्र दहा-वीस किलो. सर्वसाधारणपणे ओल्सन पद्धतीने हेक्टरी १० किलोपेक्षा कमी म्हणजे कमी, १० ते २५ म्हणजे मध्यम आणि २५ च्या वर म्हणजे भरपूर, असे धरतात. पण एक लक्षात ठेवा. हा आकडा म्हणजे कणगीतले धान्य नव्हे, की इतके किलो मोजून काढले. तो एक अंदाज आहे, ताप मोजावा तसा. खत दिल्यावर पीक दाद देईल की नाही, हे तो सांगतो. हा अंदाज कितपत खरा, हे वावरातल्या प्रयोगांवरून ठरवलेले असते.

दुसरा घोळ नावाचा आहे. वरचे आकडे मूलद्रव्य स्फुरदाचे आहेत. खताच्या थैलीवरचे आणि शिफारशीतले स्फुरद असते पी-टू-ओ-फाइव्ह या रूपातले. १ किलो मूलद्रव्य स्फुरद म्हणजे २.२९ किलो पी-टू-ओ-फाइव्ह. म्हणजे १० किलोची मर्यादा दुसऱ्या मापात सुमारे २३ होते आणि २५ ची सुमारे ५७. पत्रिकेवर २० आकडा असेल तर एका मापाने तो मध्यम, दुसऱ्या मापाने कमी. माप विचारल्याशिवाय खत ठरवू नका.

चाचणी कमी आली तर शिफारशीपेक्षा साधारण पाव हिस्सा जास्त, मध्यम असेल तर शिफारशीइतके आणि भरपूर असेल तर पाव हिस्सा कमी, अशी रीत आहे. डीएपीच्या ५० किलोच्या थैलीत २३ किलो पी-टू-ओ-फाइव्ह आणि ९ किलो नत्र असते. सुपर फॉस्फेटच्या तेवढ्याच थैलीत स्फुरद ८ किलो, पण सोबत साडेपाच किलो गंधक मिळते. सोयाबीन, जवसासारख्या तेलबियांना ते कामाचे.

दिलेल्या स्फुरदापैकी पहिल्या हंगामात साधारण १५ ते २० टक्केच पीक घेते. बाकीचे मातीच्या मुठीत राहते. म्हणून वर्षानुवर्षे डीएपी टाकलेल्या वावरात स्फुरद साठलेले असू शकते आणि तेथे खर्च कमी करता येतो. उलट जेथे कधीच दिले नाही तेथे हात आखडून चालत नाही. कोठे काय, हे चाचणीवाचून कळत नाही. स्फुरद मातीत फारसे सरकत नाही, त्यामुळे ते पेरणीच्या वेळी बियाण्याजवळ, खाली पेरून द्यावे. धानाला चिखलणीच्या वेळी द्यावे. उभ्या पिकात वरून फेकलेले वाया जाते. शेणखत आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू यांची जोड दिली तर मातीची मूठ थोडी सैल होते.

नमुना खरा असावा

चाचणी कितीही चांगली असली तरी नमुना खोटा असेल तर सगळे फोल. पीक निघाल्यावर, खत देण्याआधी नमुना घ्यावा. नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी व्ही आकाराचा वीतभर खोल खड्डा करून कडेची माती काढावी. ती एकत्र करून, चार भाग पाडत, अर्धा किलो ठेवावी. धुरा, झाडाची सावली, उकिरड्याची आणि गुरे बसायची जागा टाळावी. माती सावलीत सुकवावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, खताच्या रिकाम्या थैलीत नमुना भरू नये किंवा तिच्यावर वाळवू नये. थैलीला चिकटलेले खताचे चार कण आकडा बिघडवायला पुरे होतात.

ग्रामसेवक, कृषी सहायक आणि सरपंच मंडळींनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. २०१५ साली मृद आरोग्य पत्रिकेची योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या फेऱ्यांत कोरडवाहू भागात १० हेक्टरला एक आणि ओलिताखाली अडीच हेक्टरला एक असा नमुना घेण्याची पद्धत होती. आपल्याकडे दहा हेक्टरात कन्हार, मोरंड, सिहार आणि बरड असे सगळे प्रकार येतात. रस्त्याकाठच्या एका वावरातली माती घेऊन वीस जणांच्या नावे पत्रिका लिहिली, तर कागद पूर्ण होतो, शेतकऱ्याला काही मिळत नाही. आपल्या वावराची माती वेगळी आहे असे वाटले, तर शेतकऱ्याने स्वतःचा नमुना जिल्ह्याच्या मृद चाचणी प्रयोगशाळेत द्यावा. सिंदेवाही आणि गडचिरोलीजवळील सोनापूर येथील कृषी विज्ञान केंद्रातही सल्ला मिळतो.

लीबिगच्या खतात सगळे काही होते, फक्त पिकाला मिळत नव्हते. कागद बरोबर होता, वावर रिकामे होते. त्या माणसाजवळ चूक कबूल करण्याचे धैर्य होते, म्हणून पुढच्यांनी योग्य प्रश्न विचारला आणि आपल्याला ही चाचणी मिळाली. यंदा खताच्या रांगेत उभे राहण्याआधी, मातीची एक पिशवी तेवढी प्रयोगशाळेत पोचती करा.